आर्डिसचं झाड, एप्रिलपर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार

अंगणातल्या बादलीवर पहिला पापुद्रा धरला. दुपारी कोंबडीचं सूप.

आर्डिस उद्या निघतेय. लेकीकडे, ॲरिझोनाला, एकदम एप्रिलपर्यंत. थंडीला भिऊन दक्षिणेला पळणाऱ्यांना ही बाई आयुष्यभर नावं ठेवत आली आणि आता स्वतःच निघाली. मी म्हटलंसुद्धा, म्हातारी झालीस गं. ती नुसती हसली. एरवी तिने मला सोडलं नसतं.

रस्ता ओलांडून दोन खेपा केल्या तिने. पहिल्या खेपेत माझी भांडी. चाळीस वर्षं समोरासमोर राहतोय, इकडची भांडी तिकडे राहायचीच. पण तिने झाडून सगळी परत आणली. पंधरा वर्षांपूर्वी हरवलेलं काचेचं झाकणही, ज्याच्यावरून 'तूच फोडलंस' म्हणून मी नवऱ्याला, ड्वेनला बोल लावले होते. चर्चच्या तळघरात जेवण न्यायचं तर भांड्याखाली चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव लिहायचं ही आमची रीत. तशी प्रत्येकाखाली नवी पट्टी, तिच्या तिरक्या अक्षरात 'लव्हॉन'. फ्रीझरमधलं हरणाचं मांसही देऊन टाकलं. आवराआवरीचं वेडच लागलंय तिला.

दुसऱ्या खेपेत पीस लिली, जुन्या पांघरुणात गुंडाळून, कडेवरच्या पोरासारखी.

हे झाड कोरीच्या अंत्यविधीला आमच्याच घरून गेलेलं. मीच निवडलं होतं. गुच्छ आठ दिवसांत सुकतात, कुंडीतलं टिकतं, म्हणून. आणि टिकलं. बावीस वर्षं तिच्या समोरच्या खिडकीत आहे. सकाळी पडदा सारला की मी आधी तेच बघते. हिरवं दिसलं की बरं वाटतं, त्या घरात अजून आपल्याला जागा आहे असं.

कोरी तिचा एकुलता मुलगा, आमच्या ट्रॉयचा जिवलग. तळ्यावरचा बर्फ फुटला तेव्हा दोघं एकाच स्नोमोबाईलवर होते. ट्रॉय वर आला. एवढं पुरे.

झाडाबरोबर एक चिठ्ठी आहे. "तहान लागली की आपणच मान टाकतं. तेव्हा पाणी. त्याआधी नाही."

"बावीस वर्षं मी सांभाळलं," ती म्हणाली. "आता तू."

"एप्रिलपर्यंत," मी म्हटलं.

दारात घुटमळली. मोजे घातले, काढले, परत घातले. मग म्हणाली, "आणखी काही?"

मला कळेना, आता आणखी काय असणार. म्हटलं, विमानात काही खायला देत नाहीत, सँडविच बरोबर ने.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

झाड पुढच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी ठेवलंय. ड्वेन त्याला राणीसाहेब म्हणतो. जाता-येता कमरेत वाकून मुजरा करतो, मग कमर धरून ओरडतो.

आज पहिल्यांदा मान टाकली. मी घाबरलेच, पण चिठ्ठीप्रमाणे पाणी दिलं आणि दोन तासांत उभी! मोठी शहाणी आहे राणीसाहेब.

पाणीही आमचं आता नंबर एक. ऑक्टोबरात ट्रॉयने तळघरात पाणी मऊ करायचं यंत्र बसवून दिलं. इथल्या विहिरींच्या जड पाण्याने माझे हात सोलून निघायचे. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं भांडी घासून आधीच वाट लागलेली. आता साबण कसा लोण्यासारखा फेसाळतो. ट्रॉय म्हणत होता, पिण्याचा थंड नळ साधाच ठेवतात, आई. मी म्हटलं, आता खर्च केलाच आहेस तर सगळं जोड. तो निमूट जोडून गेला. लहानपणापासून असाच. सांगितलं की करतो.

आर्डिसकडचं यंत्र तिचा नवरा मर्ल गेल्यापासून बंदच पडलंय. तिच्या ग्लासांवर पांढरे डाग, कॉफीला लोखंडाची चव. मी कितीदा सांगितलं. त्या पाण्यात हे झाड जगलं कसं देव जाणे. आता माझ्याकडे मजेत राहील.

ड्वेनने आज यंत्रात मिठाचं अख्खं पोतं ओतलं, मग सोफ्यावर आडवा झाला.

९ नोव्हेंबर, रविवार

ट्रॉय जेवायला आला. पुढच्या खोलीच्या दारात बूट काढता काढता थांबला. झाडाकडे बघितलं. म्हणाला, हे इथे कसं? मी सांगितलं. तो आत आलाच नाही. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दोन घास खाल्ले आणि काम आहे म्हणून गेला. रविवारी कसलं डोंबलाचं काम? बटाटे-खिम्याचं हॉटडिश त्याच्यासाठी म्हणून केलेलं, तसंच राहिलं. बेचाळीस वर्षांचा घोडा झालाय. बायको टिकली नाही, वजन टिकत नाही.

चार वाजता आर्डिसचा फोन. दर रविवारी करायचं ठरलं. तिकडे लोक म्हणे अर्ध्या चड्डीत फिरतात. झाड कसं आहे विचारलं. ट्रॉय कसा आहे विचारलं. ठेवताना पुन्हा, "आणखी काही?" म्हटलं, सगळं छान.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

टर्की कोरडी झाली. ट्रॉय आला नाही. कुणाकडे तरी पाइप फुटला, दुरुस्तीला गेला म्हणे. डब्यात भरून ठेवलंय, बघू कधी नेतो.

४ डिसेंबर, गुरुवार

पानांची टोकं तपकिरी पडलीत. आठ-दहा पानांची. हिटरने हवा कोरडी होते, त्याने असेल. कात्रीने टोकं कापली, पानाच्या आकाराला धरून, म्हणजे दिसू नये. शाळेत जळका केक असाच कापायचे मी.

१४ डिसेंबर, रविवार

झाडाने काल मान टाकली. पाणी दिलं. उठलं नाही. संध्याकाळी आणखी दिलं. आज सकाळी बघते तर तशीच लोळलेली, कुंडीच्या काठावरून पानं खाली.  चिठ्ठी परत परत वाचली. मान टाकली की पाणी, एवढंच लिहिलंय. पाणी देऊनही मान टाकली तर काय, ते नाही लिहिलं.

चार वाजता फोन. तिच्या लेकीने, हायडीने उचलला. आर्डिस आडवी झाली होती. भर दुपारी! मी म्हटलं, ॲरिझोनाने आळशी केलं तिला. हायडी म्हणाली, थांबा, उठवते. मग आर्डिस आली. आवाज झोपेतला. झाड कसं आहे?

मी म्हटलं, "अगं, फूल आलंय."

का म्हटलं? कुणी मागितलं होतं का फूल? छान आहे म्हणाले असते तरी चाललं असतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

"हो?" ती म्हणाली. "पांढरं?"

"पांढरंशुभ्र."

 मग म्हणाली, "आणखी काही?"

२६ डिसेंबर, शुक्रवार

ख्रिसमस झाला. ट्रॉय आला, आम्हाला भेटी दिल्या, बाहेरची पायवाट दोनदा साफ केली. एकदा पुरली असती. पुढच्या खोलीत झाडाशेजारी ख्रिसमसचं झाड होतं, तर भेटीही स्वयंपाकघरात उघडाव्या लागल्या. मी ड्वेनला म्हटलं, हा पोरगा गालिच्याला बुटाची घाण लागेल म्हणून आत येत नाही, किती जपतो. ड्वेनने माझ्याकडे बघितलं आणि पेपर वाचायला घेतला.

९ जानेवारी, शुक्रवार

निम्मी पानं गेली. मातीवर पांढरी खपली आलीय, मी चमच्याने खरवडते आणि दुसऱ्या दिवशी परत. खत घातलं. दिव्याखाली ठेवलं. भरपूर पाणी घालून माती धुऊन काढली, दोन घागरी तरी. दुसऱ्या दिवशी आणखी वाईट.

आज जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. दुकानात गेले. फुलांच्या कोपऱ्यात नव्या पीस लिली होत्या, चकचकीत, तीन फुलांसकट. एक घेतली. विचार असा की जुन्या कुंडीत लावायची, एप्रिलला आर्डिसला काय कळतंय. पैसे दिले आणि बाहेर पडले. उणे तेवीस, वर वारा. कागद गुंडाळायला विसरले. बरं, गाडी लांब लावलेली, कारण चालणं चांगलं म्हणतो डॉक्टर. गाडीत बसेपर्यंत पानं काळी, उकडलेल्या पालकासारखी. सत्तर हिवाळे इथे काढले मी. टोपीशिवाय पोराला बाहेर सोडणार नाही, आणि झाड तसंच उघडं आणलं.

गाडीत बसून रडले. मग दुकानाच्या मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. ड्वेनला सांगितलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आर्डिस फोनवर फार कमी बोलते. मी दोन वाक्यं बोलले की तिकडे श्वास ऐकू येतो. ऊन सोसत नसेल. मीच बडबडत राहिले. आता दोन फुलं आहेत म्हणाले. एका खोट्याला जोडीदार लागतो.

"लव्हॉन," ती म्हणाली, "आणखी काही सांगायचंय का तुला?"

"नाही गं. काय सांगणार? बर्फ पडतोय."

फोन हायडीने घेतला. आई थकते, आता थोडंच बोला, म्हणाली. मला रागच आला. चाळीस वर्षांच्या मैत्रिणीला वेळ लावून देणार का ही?

रागावून तरी काय करू. एप्रिलला तोंड कुठे लपवू, हाच विचार डोक्यात. त्या झाडात तिचा मुलगा आहे तिच्या लेखी. तो एकदा आमच्या... तो एकदा गेला. आता माझ्या घरात दुसऱ्यांदा जातोय.

२२ फेब्रुवारी, रविवार

नीट लिहिते. 

ड्वेनची कमर धरलीय, म्हणून मिठाची पोती खाली न्यायला ट्रॉयला बोलावलं. झाड मी ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकघरात आणलेलं, जिन्याच्या दाराशीच. त्याला टाळायला जागाच नव्हती. खांद्यावर पोतं घेऊन तो थांबला. झाडाचं जे उरलंय त्याकडे बघत राहिला. मग वाकला, मातीवरच्या पांढऱ्या खपलीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"आई, याला पाणी कुठलं घालतेस?"

"नळाचं. दुसरं कुठलं असतं?"

त्याने पोतं खाली ठेवलं. त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं मीठ, ते आम्ही दोघांनी वाचलं. तीन महिने मी या झाडाला मिठाचं पाणी पाजत होते. मान टाकली की आणखी. धुऊन काढायचं म्हणून दोन घागरी तेच. रोज डोळ्यांसमोर पोती ओतली जात होती आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. असली मूर्ख बाई पंचक्रोशीत सापडणार नाही.

ट्रॉय जमिनीवरच बसला. "मी जोडलं ते," म्हणाला. "पुन्हा माझ्याच हातून."

मी म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस, तू नको म्हणत होतास. मीच म्हणाले सगळं जोड.

त्याने वर बघितलं. "हो," म्हणाला. "तूच म्हणाली होतीस."

नळाबद्दल बोलत नव्हता तो.

मग आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. त्याने झाड उपटून मुळं बघितली. काळी, लिबलिबीत. पण मधे एक फुटवा होता, बोटभर, खाली दोन पांढरी मुळं. आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत नव्या मातीत लावला, अंगणातला बर्फ वितळवून पाणी दिलं. कुंडी घासायला उलटी केली तर खाली चिकटपट्टी. 'लव्हॉन.' भांड्यांबरोबर हिच्यावरही चुकून माझं नाव लावलं वाटतं तिने. मी हसून दाखवलं. ट्रॉय हसला नाही. पट्टी वाचत बसला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

या वहीतही कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

बावीस वर्षांपूर्वीचा १९ मार्च, बुधवार. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतलं चर्चचं सूप-जेवण माझ्याकडे होतं. मोठं भाजायचं भांडं माझ्या बहिणीकडे, तळ्याच्या पलीकडच्या काठाला. पोरं स्वयंपाकघरात बसून बिस्किटं खात होती. ट्रॉय म्हणाला, गाडीने जाऊन आणतो. रस्ता तळ्याला वळसा घालून अकरा मैल. मला घाई होती. मी म्हटलं, "बर्फावरून जा, दहा मिनिटांत याल." ट्रॉय म्हणाला, ओढ्याच्या तोंडाशी बर्फ नरम असेल आता. मी म्हटलं, काही होत नाही, तुझा बाप एप्रिलपर्यंत जातो.

दवाखान्यात शेरीफ आला, आर्डिस आणि मर्ल आले. ट्रॉयला चार पांघरुणं घातलेली, दात वाजत होते. शेरीफने विचारलं, बर्फावरून जायचं कुणी ठरवलं? मी तोंड उघडलं. त्याआधी ट्रॉय म्हणाला, "माझीच कल्पना. मजा म्हणून." आणि मी तोंड मिटलं.

बस. मिटलं ते मिटलंच. एकोणीस वर्षांचं पोर माझ्यावर पांघरूण घालत होतं आणि मी घालू दिलं. नंतर सांगीन म्हटलं. अंत्यविधीनंतर. उन्हाळ्यात. मग एवढे दिवस का नाही सांगितलं, हेच सांगावं लागलं असतं. ट्रॉयशीही कधी विषय काढला नाही. त्याच्या पानात वाढत राहिले.

ड्वेनलाही ठाऊक नाही. तो कामावर होता.

५ मार्च, गुरुवार

बादलीतल्या फुटव्याला एक नवं पान येतंय. गुंडाळलेलं, सुरळीसारखं. बर्फाचंच पाणी देते, दिवसभर घरात ठेवून.

१३ मार्च, शुक्रवार

हायडीचा फोन, भर सकाळी. आर्डिसला शेवटच्या दिवसांची सेवा चालू आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर. सप्टेंबरातच कळलं होतं. कुणाला सांगू नकोस म्हणाली होती.

सप्टेंबरात. म्हणजे भांडी, झाकण, हरणाचं मांस. मी तिला म्हातारी म्हणाले. आळशी म्हणाले. ती एप्रिलला येणारच नव्हती आणि मी इथे बसून एप्रिल मोजत होते.

१५ मार्च, रविवार

ट्रॉय बाराला येणार होता. मी साडेदहालाच फोन लावला, म्हणजे मला पळता येऊ नये. ड्वेन टेबलाशी. हायडीने फोन तिच्या कानाशी धरला.

मी म्हटलं, आर्डिस, झाड मेलं. मी मारलं. मिठाचं पाणी घातलं. फुलं आली नव्हती, एकही नाही. एक फुटवा राहिलाय फक्त.

"बरं," ती म्हणाली. आवाज कागदासारखा. मी वाट बघत होते. तीही बघत होती. मग तिने विचारलंच, "आणखी काही?"

तेव्हा मला कळलं ती नोव्हेंबरपासून काय विचारत होती.

मी सांगितलं. भांडं, घाई, दहा मिनिटं, ट्रॉय नको म्हणत होता, सगळं. ड्वेनने रेडिओ बंद केला. मी कधी एवढं सलग बोलले नसेन. शेवटी म्हटलं, मी पाठवलं त्यांना, आर्डिस. मी.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

आमच्याच स्वयंपाकघरातून कोरीने तिला फोन केला होता म्हणे. मी तळघरातून कांदे आणायला गेले होते तेवढ्यात. लव्हॉन आम्हाला तळ्यापलीकडे पाठवतेय, मी चर्चमध्येच जेवतो, म्हणाला.

"म्हणजे तुला... त्या दिवसापासून?"

"मला वाटायचं, आज सांगेल. तू खिडकीतून झाड बघायचीस ना, मला दिसायचं. वाटायचं, आता रस्ता ओलांडेल." थांबली. श्वास घेतला. "फार राग यायचा मला. पाणी घालताना दर वेळी यायचा. झाड तुझंच होतं, लव्हॉन. मी परत केलं."

मी म्हटलं, तू का नाही बोललीस? ओरडायचंस, मारायचंस मला.

  मग म्हणाली, "मीही थांब म्हणाले नाही. तो फोनवर होता, माझ्या कानाशी. मलाही ठाऊक होतं मार्चचा बर्फ कसा असतो. मी त्याला म्हणाले, टोपी घाल."

आम्ही दोघी रडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकत्र. शेवटी ती म्हणाली, ट्रॉयला फोन करायला सांग, आजच, मी उद्याचं सांगू शकत नाही.

बाराला ट्रॉय आला. कोट काढायच्या आधीच त्याला सांगितलं, सगळं, आर्डिसला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तेसुद्धा. तो दाराला टेकून उभा राहिला.

"मग मी कुणासाठी गप्प बसलो?" म्हणाला.

मोठ्याने नाही म्हणाला.  

फोन घेऊन तो पुढच्या खोलीत गेला, बूट घालूनच, आणि दार लावलं. पाऊण तास. काय बोलले ते मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. माझ्याकडे न बघता गाडी काढून गेला. ताट वाढलेलंच राहिलं. ड्वेन उठला, आणि लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, न सांगता भांडी घासली. 

२९ मार्च, रविवार

आर्डिस शुक्रवारी गेली. ट्रॉय दोन रविवार आलेला नाही. मी फोन करत नाही. मान टाकली म्हणून लगेच ओतत सुटायचं नाही, एवढं तरी शिकले.

१९ एप्रिल, रविवार

तळं काल मोकळं झालं. वाऱ्याने सगळा बर्फ पलीकडच्या काठाला लोटला. हायडी मे महिन्यात आईची राख घेऊन येतेय, कोरीशेजारी ठेवायला. चर्चमधल्या बायकांनी विचारलं, तुमच्याकडून कुंडी पाठवायची का? मी म्हटलं, नाही. मी स्वतः जाईन, आणि तिथे उभी राहून सांगीन. बायका बावचळल्या. कळेल त्यांना तेव्हा.

दुपारी ट्रॉयची गाडी आली. मला वाटलं जेवायला. तो हत्यारांची पेटी घेऊन सरळ तळघरात गेला. तासभर ठोकाठोकी. वर येऊन थंड नळ सोडला, ग्लासात पाणी घेतलं, मला दिलं. लोखंडाची चव. आर्डिसच्या कॉफीची.

"हा नळ आता साधा," म्हणाला.

मग जेवला. बसून. दोनदा वाढून घेतलं. मी बघत नाही असं दाखवत होते.

जाताना खिडकीतली आइस्क्रीमची बादली उचलली. तीन पानं झालीत. म्हणाला, हे मी नेतो. आर्डिसने सांगितलंय. माझ्या ओठांवर आलं होतं, पाणी किती घाल, कुठे ठेव, कोटात गुंडाळ, बाहेर अजून गार आहे. सगळं गिळलं. त्याने स्वतःच कोटाची चेन उघडली आणि बादली आत घेतली.

दाराशी थांबला. माझ्यासारखाच दिसतो तो तोंड उघडून मिटतो तेव्हा. मग म्हणाला, "आणखी काही, आई?"

 मी दाराची कडी धरली.

"तू नको म्हणाला होतास," मी म्हटलं. "मीच पाठवलं. आणि दवाखान्यात मी गप्प बसायला नको होतं. माझं चुकलं, ट्रॉय."

 कोटातून एक पान बाहेर आलं होतं, ते त्याने आत सारलं. पायऱ्या उतरला. गाडीत बादली शेजारच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला आणि काच खाली केली.

"पुढच्या रविवारी हॉटडिश कर," म्हणाला.